जीभ आहे तोवर

रविराजचा श्वास जड झाला की मोहिनी अंथरुणातून उठायची. चपला घालायची नाही, फरशीवर त्यांचा आवाज व्हायचा. खोलीचं दार तिने आधीच अर्धवट उघडं ठेवलेलं असायचं. स्वयंपाकघरात येऊन ती ओट्याला पाठ टेकून खाली बसायची, आणि मग सकाळपर्यंत तिला करण्यासारखं काहीच नसायचं.

घर नाशकात, द्वारका चौकाच्या मागच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. चौकातून रात्रभर गाड्या जायच्या. ट्रॅव्हल्सवाले पुण्याच्या नावाने ओरडायचे, ट्रकचे ब्रेक करकरायचे, आणि मध्येच थोडा वेळ सगळं शांत व्हायचं. गाड्यांचा तिला त्रास नव्हता, त्या शांततेचा होता. गाड्या जात होत्या तोवर निदान कुणीतरी जागं आहे एवढं कळत होतं.

लग्न होऊन नाशकात आल्यापासून मोहिनी गांगुर्डे घरी ब्लाऊज शिवत आली होती. कॉलनीतल्या निम्म्याअधिक बायकांची मापं तिला तोंडपाठ होती. स्वभावाने ती अबोल. लहानपणी आई तिला घुमी म्हणायची. गिऱ्हाईक बायका तिच्यासमोर बसून सासवांच्या, जावांच्या गोष्टी सांगत राहायच्या आणि ही तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवायची. टाचण्यांचं निमित्त बरं होतं, बोलावं लागत नसे. रविराजही तसाच. दोघांचा संसार न बोलता, पण चांगला झाला होता. मुलगी निकिता शिकून हैदराबादला नोकरीला लागली होती.

मग डाव्या बाजूला गाठ लागली. ऑपरेशन झालं, स्तन काढला, केमो सुरू झाली. केस गेले. डावा हात सुजायला लागला म्हणून शिलाई मशीनवर चादर टाकून ठेवली. केमोच्या आधी ज्या गोळ्या घ्याव्या लागतात त्यांनी झोप उडते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्या गोळ्यांचा अंमल उतरल्यावरही तिची झोप परत आली नाही. हे तिने कुणाला सांगितलं नाही. रविराज अंबडच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला होता, त्याची बस उजाडायच्या आत नाक्यावर यायची. तिच्या आजारपणात त्याने घरातलं झाडणं-पुसणंही अंगावर घेतलं होतं. त्यात त्याला रात्री उठवायचं, ते कशासाठी? उठून तो तरी काय करणार होता?

कुसाबाई तिला केमोच्या खोलीत भेटली. ओळीने मांडलेल्या आरामखुर्च्यांवर माणसं हाताला सलाईन लावून बसलेली असायची. बहुतेक जण मोबाईल बघायचे नाहीतर डोळे मिटून पडायचे. शेजारच्या खुर्चीतली बाई मात्र मोहिनीकडे टक लावून बघत होती. पेठ तालुक्यातली, करंजाळीच्या पुढच्या पाड्यावरची. साठीच्या आसपासचं वय, काटक शरीर, नऊवारी घट्ट नेसलेली. उजवा गाल सुजून आला होता. जन्मभर तिने मिश्री लावली होती, आणि आता जिभेला लागून गाठ होती.

"तुला रातीची झोप येत नाय," ती एकदम म्हणाली.

मोहिनी दचकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला बी येत नाय. कानात ठणका मारतो. मंग बसते खळ्यावर जाऊन." बोलताना तिचे शब्द जरा जड येत होते, तरी ती थांबत नव्हती. "तू काय करतीस रातभर?"

"काही नाही. बसते."

"एकलीच?"

मोहिनीने मान हलवली. कुसाबाईने लुगड्याच्या कनवटीतून बटणांचा छोटा फोन काढला आणि सून रोशनीला हाक मारली. "हिचा नंबर घाल गं यात."

रोशनी बिचारी ओशाळली. "आत्या, असं कुणाचा बी नंबर मागत्यात व्हय?" पण मोहिनीने नंबर दिला. नाही म्हणायला शब्द शोधावे लागले असते, त्यापेक्षा देणं सोपं होतं. पाड्यावरची बाई कशाला आपल्याला फोन करते, असं तिला वाटलं होतं.

फोन आला तो त्याच आठवड्यात. मध्यरात्र केव्हाच उलटली होती. मोहिनीच्या मनात पहिल्यांदा निकिताचंच काहीतरी आलं आणि तिने नाव न बघताच फोन उचलला.

"जागी हाईस नव्हं?" पलीकडून आवाज आला. "मला वाटलंच."

मोहिनीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "कुसाबाई, काय झालं?"

"कुठं काय झालं? बसले म्हणून केला. हितं खळ्याच्या कडंला एक धोंडा हाय, तेवढ्याच जागी रेंज येती. चांदणं पडलंय. तुमच्यात हाय का चांदणं?"

मोहिनीने खिडकीतून पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर होता आणि त्याच्यावर लाल दिवा. "दिसत नाही इथून," ती म्हणाली.

"मंग मी सांगते," कुसाबाई म्हणाली, आणि सांगत सुटली.

त्या रात्रीपासून ते सुरू झालं. कुसाबाईकडे सांगण्यासारखं अपार होतं. द्राक्षाच्या हंगामात ती दिंडोरीकडे छाटणीला जायची, तिथल्या बायका, तिथला मुकादम, बागेच्या कडेला टाकलेली पालं. एक गाय जंगलात हरवली होती आणि पावसाळा संपल्यावर वासरू घेऊन आपली आपण परत आली. थोरल्या बहिणीशी भांडून ती बारा महिने बोलली नव्हती, आणि ज्या दिवशी बोलायचं ठरवून निघाली, तेव्हा बहीणही वाटेत समोरून येताना दिसली. मोहिनी फक्त "हं" म्हणायची. कधी "मग?" म्हणायची. कुसाबाईला तेवढं पुरायचं.

एकदा तिने नवऱ्याचं सांगितलं. तो वारला त्याला पुष्कळ वर्षं झाली होती.

"वाईट नव्हता. पण मला तो आवडायचा नाय बाय. कवाच आवडला नाय. मेला तवा मी रडले, समद्यांसंगट रडले. आन् रातच्याला झोप अशी लागली म्हणून सांगू, सकाळी उन्हं तोंडावर आल्यावर उठले. हे मी कुणाला बोलले नाय. पोराला, मंगळूला तं नायच नाय. त्याचा बाप व्हता."

मोहिनीला हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी ते आवरलं नाही, आणि पलीकडे कुसाबाईही हसायला लागली. दोघी कितीतरी वेळ हसत राहिल्या.

मागे दार वाजलं. रविराज पाण्याची बाटली घेऊन उभा होता. तिला जमिनीवर बसलेली, डोक्याला रुमाल बांधलेली, फोन कानाला लावून हसताना पाहून तो जागीच थांबला होता. मोहिनीने घाईघाईने फोन बंद केला.

"कोण आहे?"

तिने सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी चोरी पकडल्यासारखा तिचा आवाज झाला. तो ऐकत राहिला. मग त्याने बाटली ओट्यावर ठेवली.

"रोज जागी असतेस?"

"झोप येत नाही."

"किती दिवस झाले?"

मोहिनीने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. रविराज तिच्या समोर फरशीवर बसला. गुडघे दुखत असल्यामुळे त्याला खाली बसायला वेळ लागला.

"मला उठवायचं ना."

"तुम्हाला सकाळी जायचं असतं."

"तरी." एवढंच तो म्हणाला. तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं. परक्या बाईशी बोलताना ती हसत होती आणि घरात कित्येक महिन्यांत हसली नव्हती, हे त्याला लागलं होतं. तसं तो बोलून दाखवणार नव्हता आणि तीही त्याला समजावणार नव्हती.

पुढच्या काही रात्री तो हट्टाने तिच्याबरोबर बसला. चहा केला. बस वेळेवर येत नाही, कारखान्यात नवा साहेब आला आहे, असं काहीबाही बोलला. ती हं हं करत राहिली. मग दोघांचं बोलणं संपायचं. थोड्याच वेळात त्याची मान छातीवर पडायची, हातातला कप कलायचा. मोहिनी त्याच्या हातातून कप काढून घ्यायची आणि त्याला आत नेऊन झोपवायची. झोपलेल्या माणसाशेजारी जागं राहण्यापेक्षा एकटीने जागं राहणं तिला सोपं वाटायचं. हे तिला स्वतःलाच बरं वाटलं नाही, पण तसं होतं खरं.

कुसाबाईची गाठ औषधाने थोडी लहान झाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. जबड्याचा तुकडा आणि त्याच्याबरोबर जिभेचा बराच भाग काढावा लागणार होता. हे तिने मोहिनीला फोनवर सांगितलं, तेही उद्या बाजारला जायचंय अशा सुरात.

"मंग बोलता येईल का, म्हणलं. तं डॉक्टर म्हणला, थोडं थोडं, अडखळत. म्हंजे नाय येणार. मला कळतंय." मग ती म्हणाली, "जीभ हाय तवर बोलून घेते बाय. तू कटाळू नको."

"नाही कंटाळत."

त्यानंतर तिचे फोन लांबायला लागले. कधी कधी पाड्यावरचं कोंबडं आरवेपर्यंत ती बोलायची. सुजेमुळे शब्द एकमेकांत अडकायचे, काही मोहिनीला कळायचे नाहीत, पण ती पुन्हा विचारायची नाही. एका रात्री कुसाबाई गायली. भात लावताना बायका म्हणतात त्यातलं काहीतरी होतं. आवाज फुटका होता, चाल मध्येच तुटायची. गाणं संपल्यावर ती बराच वेळ धापा टाकत राहिली. मोहिनी ओट्याला टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिने पलीकडे कळू दिलं नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या रात्री कुसाबाई म्हणाली, "आता तू बोलायचं."

"मला नाही येत बोलता."

"मंग काय, दोघी बी मुक्या बसू?"

"तुम्ही बऱ्या होऊन या, मग बघू."

"बघू नाय. बोलायचं." असं म्हणून तिने फोन ठेवला. निरोपाचं काही बोलली नाही.

ऑपरेशन झालं. मोहिनीच्या पांढऱ्या पेशी तेव्हा खूप उतरल्या होत्या आणि डॉक्टरांनी तिला गर्दीत जायला सक्त मनाई केली होती, त्यामुळे तिला भेटायला जाता आलं नाही. रविराज कारखान्यातून परस्पर दवाखान्यात जाऊन आला. घरी आल्यावर हातपाय धुताना तो म्हणाला, "बरी आहे. नाकातून नळी आहे." आणखी काय पाहिलं ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

त्या रात्री फोन आला नाही. त्यानंतरही आला नाही. दिवसा मोहिनी रोशनीला फोन करायची. "आत्या बऱ्या हाईत मावशी," रोशनी सांगायची. "जखम भरती हाय. आता रेडिएशनचा शेक द्यायचाय." दिवसभर तेवढं पुरायचं, रात्री पुरायचं नाही. मोहिनी फोन मांडीवर घेऊन बसायची. पूर्वी ती एकटी होती तेव्हा तिला त्याची सवय होती. आता सवय मोडली होती आणि एकटेपण पहिल्यापेक्षा मोठं झालं होतं. एकदा तिने निकिताला फोन लावायला घेतला, मग वेळ बघून ठेवून दिला. एवढ्या रात्री आईचा फोन आला तर पोर काय समजेल?

खाली चौकात कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मोहिनी खिडकीत जाऊन उभी राहिली. आपल्याला कोणी हाक मारत नाही हे ठाऊक असूनही ती पुष्कळ वेळ तिथेच उभी होती.

शेक संपून कुसाबाई पाड्यावर गेल्याचं रोशनीने कळवलं, आणि त्यानंतर एका रात्री फोन वाजला. मोहिनीने तो इतक्या घाईने उचलला की हातातून पडता पडता राहिला.

"कुसाबाई?"

पलीकडे रातकिडे ओरडत होते. कोणीतरी श्वास घेत होतं, घशात पाणी अडकल्यासारखा. मग एक आवाज आला. तो शब्द नव्हता, नुसता घशातून आलेला हुंकार होता.

"कशा आहात?" विचारल्यावर मोहिनीला स्वतःचीच लाज वाटली. याचं उत्तर ती कसं देणार होती?

श्वास चालूच होता. वाट बघत होता. आता तू बोलायचं, असं ती सांगून गेली होती.

"आज मेथीची भाजी केली," मोहिनी म्हणाली.

"हं."

"मीठ जास्त झालं. तोंडाला चवच कळत नाही मला. हे मुकाट्याने खातात, सांगत नाहीत."

"हं."

मग तिला काही सुचेना. घरातल्या वस्तूंकडे ती बघत राहिली आणि बघता बघता त्यांच्याबद्दलच सांगायला लागली. फ्रिजचा दरवाजा नीट लागत नाही. शेजारच्या घरातली मांजर व्याली आहे. समोरच्या गच्चीवरच्या टॉवरला लाल दिवा आहे. ती अडखळत होती, एकच वाक्य दोनदा म्हणत होती. पलीकडून मात्र दर वेळी हुंकार येत होता, आणि तो आला की पुढचं वाक्य सुचत होतं.

असंच चालू राहिलं. फोन कुसाबाईचा, बोलणं मोहिनीचं. हळूहळू वस्तू संपल्या आणि माणसं आली. आई आली, जी मोहिनीला घुमी म्हणायची. निकिताच्या आधीचं एक बाळ आलं, जे पोटातच गेलं होतं. त्याच्याविषयी ती रविराजशीही कधी बोलली नव्हती.

एका रात्री तिने मशीनविषयी सांगितलं.

"हात आता बरा आहे. शिवता येईल. पण माझं स्वतःचं माप घ्यायचं राहिलंय. सगळे जुने ब्लाऊज डाव्या बाजूला चुण्या पडून लोंबतात. नवं कापड आणून ठेवलंय. टेप घेते आणि परत ठेवते." ती थांबली. पलीकडून हुंकार आला नाही, नुसता श्वास आला. "आंघोळ करताना मी दिवा लावत नाही, कुसाबाई. ह्यांनी अजून पाहिलेलं नाही मला. ते विचारत नाहीत. मला वाटतं विचारावं, आणि वाटतं विचारू नये."

मग कुसाबाईच्या घशातून काहीतरी आलं, लांबलचक, वर-खाली होणारं. ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. मोहिनीला त्यातला एकही शब्द लागला नाही. कुसाबाईने ते पुन्हा म्हटलं. मग चिडून फोन बंद केला.

थंडी पडायला लागल्यावर मोहिनी रविराजला म्हणाली, "मला पेठला जायचंय."

रविवारी दोघं मोटारसायकलवरून निघाली. घाट चढताना वारा टोचत होता. तिचे केस नुकते उगवू लागले होते, बोटाच्या पेराएवढे, त्यावर तिने स्कार्फ घट्ट बांधला होता. करंजाळी सोडल्यावर मंगळू फाट्यावर येऊन उभा होता. त्याच्या मागोमाग दोघं पाड्यावर पोहोचली.

कुसाबाई ओसरीवर बसली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. मोहिनीला पाहून ती उठली आणि उभीच राहिली. कित्येक रात्री बोललेल्या त्या दोघींना एकमेकींकडे कसं बघावं कळेना. दिवसाच्या उजेडात सगळंच अवघड झालं. मोहिनीने पिशवीतली संत्री काढली, आणि हिला आता संत्री कशी खाता येणार, हे तिला त्या क्षणी आठवलं. रोशनीने ती हातातून घेतली. "रस काढून देईन," ती म्हणाली.

रविराज आणि मंगळू खळ्यावर गेले. रविराज, जो घरी चार वाक्यं बोलत नसे, तो मंगळूला कारखान्यातल्या भरतीविषयी खुलून सांगत होता. ओसरीवर दोघी बायका गप्प बसल्या होत्या. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. कुसाबाई मध्येच उठून त्यांना दाणे टाकून आली. मोहिनीला वाटलं, आपण उगाच आलो. फोनवर होतं तेच बरं होतं.

मग कुसाबाईने तिचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं. कौलातल्या काचेतून उजेड खाली येत होता. तिने पदर सोडला. उजवा जबडा आत गेला होता, ओठ एका बाजूला ओढला गेला होता. मोहिनीने मान वळवली नाही. कुसाबाईने चोळीची गाठ सोडली. तिच्या छातीवर उजवीकडे काखेपासून खालपर्यंत लांब व्रण होता आणि तिकडची बाजू सपाट, ओढलेली होती. तिने आधी छातीला बोट लावलं, मग गालाला. छातीवरचं मांस काढून तिच्या तोंडात भरलं होतं. त्या रात्री फोनवर ती हेच सांगत होती, हे मोहिनीला आता उमगलं.

मोहिनीने साडीचा पदर खाली घेतला. ब्लाऊजचे हुक तिला एकटीला निघेनात. कुसाबाईने ते काढून दिले. दवाखाना सोडला तर पहिल्यांदाच उजेडात कोणीतरी तिला पाहत होतं. कुसाबाईने आपला खरखरीत तळवा तिच्या डाव्या बाजूवर ठेवला आणि तसाच ठेवून दिला. तिथली कातडी अजून बधिर होती, मोहिनीला स्पर्श नीट कळला नाही. हाताची ऊब तेवढी कळली.

थोड्या वेळाने तिने पर्समधून टेप काढली आणि कुसाबाईचं माप घ्यायला लागली. खांदा एका बाजूला उतरला होता, तो लक्षात घेऊन बाही वेगळी कापावी लागणार होती. अस्तर मऊ लागणार होतं. गाठीच्या चोळीऐवजी पुढून बटणं बरी पडतील, असं तिने सांगितलं. कुसाबाई हुंकार देत राहिली. ते झाल्यावर तिने मोहिनीच्या हातातली टेप घेतली आणि तिच्या छातीभोवती धरली. तिला आकडे वाचता येत नव्हते. ती टेप धरून उभी राहिली आणि मोहिनीने मान खाली घालून स्वतःचं माप वाचलं.

घरी परतल्यावर मोहिनीने मशीनवरची चादर काढली. आधी कुसाबाईचे दोन ब्लाऊज शिवले आणि नाशकात आलेल्या मंगळूच्या हाती पाठवले. मग स्वतःचा शिवला. तो घालून ती रविराजसमोर आली तेव्हा त्याने चष्मा वर केला. "चांगला बसलाय," तो म्हणाला. त्याहून जास्त काही झालं नाही, आणि त्या दिवशी तिला जास्त काही नकोही होतं.

रात्रीचे फोन चालू होते. एका रात्री मोहिनी निकिताच्या लहानपणीचं काहीतरी सांगत होती, शाळेच्या स्नेहसंमेलनात पोर स्टेजवर झोपून गेली होती ते. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की हुंकार येत नाही. ती थांबली. पलीकडून संथ, खोल, एकसारखा घुरघुरणारा श्वास ऐकू येत होता. कुसाबाई झोपली होती.

मोहिनी आनंदली. इतक्या महिन्यांत त्या बाईला अशी झोप लागली नव्हती. आनंदाच्या पाठोपाठ तिला थोडा रागही आला, आणि मग पुन्हा एकटं पडण्याची भीती वाटली. तिने फोन बंद केला नाही. कान लावून ती ऐकत राहिली. थोड्या वेळाने पावलं वाजली आणि रोशनीचा आवाज आला.

"आत्या, आवं थंडी पडली, आत चला." मग फोन जवळ आला. "मावशी? झोपल्या वं त्या. हितंच, धोंड्याला टेकून."

"आत ने. फार उठवू नको."

"तुमी बी झोपा आता," रोशनी म्हणाली.

"हो," मोहिनी म्हणाली.

त्यानंतर फोन कमी होत गेले. कुसाबाईचा ठणका थांबला होता आणि पाड्यावरची माणसं जशी झोपतात तशी ती आता झोपत होती. कधी आठवड्याने, कधी पंधरवड्याने फोन यायचा, तोही बहुधा संध्याकाळी. रोशनी बोलायची आणि मागून हुंकार यायचा. मोहिनीची केमो संपली होती, पण रोजची एक गोळी पाच वर्षं घ्यायची होती आणि तिच्यामुळे रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं. झोप हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. कधी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

एका रात्री ती अशीच उठून बसली. चौकातून शेवटची पुण्याची गाडी निघून गेली होती. तिने फोन हातात घेतला, कुसाबाईचं नाव काढलं आणि बोट तिथेच थांबवलं. करंजाळीच्या पुढे, अंधारात, खळ्याच्या कडेचा तो धोंडा आता रिकामा असणार होता. असू दे, असं तिने मनाशी म्हटलं. फोन पालथा घालून ओट्यावर ठेवला.

मग ती खोलीत गेली. रविराज कुशीवर झोपला होता. तिने त्याच्या खांद्याला हात लावला आणि हळूच हलवलं.

"काय गं, काय होतंय?" तो घाबरून उठायला लागला.

"काही होत नाहीये. झोप येत नाही, म्हणून उठवलं."

तो डोळे चोळत उशीला टेकून बसला. अंधारात दोघं शेजारी शेजारी होती. त्याने तिचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने त्याची पकड सैल झाली. तो बसल्या बसल्या झोपला होता. तिने या वेळी हात सोडवून घेतला नाही. उघड्या डोळ्यांनी ती खिडकीकडे बघत राहिली. बाहेर अजून पुष्कळ रात्र बाकी होती.